पाय न टेकल्याबद्दल शून्य

दिनकरराव : हे बघ सिताराम, गणिताला जात नसते, पक्ष नसतो, पाहुणारावळा नसतो. गणितापुढे राव आणि रंक सारखेच. एकतीस वर्षं मी या शाळेत दुसरं काही शिकवलं नाही.

सिताराम : मग गुरुजी, चंद्रभानला एकेचाळीस अन् मला शून्य कसं?

दिनकरराव : तेच तर सांगतोय. त्याला एकेचाळीस मिळाले, तुला शून्य मिळालं. एकेचाळीस मोठे. तो पहिला, तू शेवटचा. यात न समजण्यासारखं काय आहे?

पंचफुला : आता ग माय! सकाळधरनं ऊन डोक्यावर घेऊन बसले ते हे ऐकायला?

दिनकरराव : या बाई कोण?

सिताराम : माझी मंडळी. पंचफुला.

दिनकरराव : बसा बाई. ती खुर्ची घ्या. एक पाय जरा डुगडुगतो तिचा, भिंतीला टेकून बसा.

पंचफुला : नगं गुरुजी. उभ्यानंच बोलते. इथं टेकलं की मार्क मिळत्यात म्हणं, उगं माझाच नंबर यायचा.

सिताराम : पंचफुला, जरा दमानं. गुरुजी, मी भांडायला आलो न्हाई. तुमी मला सातवीला होताव. तुमाला समजंल म्हणून आलो. ह्या खेळात मोटरसायकल जोरात पळवायची नसती. हळू चालवायची. धोंड्यांवरून, चिखलातून, ओंडक्यावरून. अन् पाय खाली टेकवायचा न्हाई. एवढाच खेळ हाय. पाय टेकला की एक मार्क चढतो, गाडी पडली की पाच चढत्यात. ज्याच्यावर कमी चढले त्यो जिंकला.

दिनकरराव : नियम मला सांगू नकोस. इंग्रजीतले नियम मराठीत मीच केले, स्टेन्सिल मी कापली, सायक्लोस्टाइल करून सगळ्या परीक्षकांना मीच वाटले. पाय टेकल्यास एक. गाडी पडल्यास पाच. पाच टप्प्यांवर पाच शिक्षक बसवले, प्रत्येकाच्या हातात कागद आणि पेन्सिल दिली. एकाही शिक्षकानं एकही रेघ चुकवलेली नाही.

सिताराम : रेघा बरोबर हायती. बेरीजबी बरोबर हाय. नंबर उलटा लागलाय.

दिनकरराव : उलटा कसा? चंद्रभान चार वेळा पडला, त्याचे वीस. एकवीस वेळा पाय टेकवला, त्याचे एकवीस. एकेचाळीस. पहिला क्रमांक.

पंचफुला : चारदा पडला म्हणून पहिला?

दिनकरराव : पडला म्हणून नव्हे बाई. पडूनही उठला म्हणून. जिद्दीचे ते पाच मार्क आहेत.

पंचफुला : मग आमचा म्हातारा बैल ह्या साली तीनदा पडला. अन् तिन्ही डाव उठला. त्याला धाडा पुण्याला.

दिनकरराव : सिताराम, तुझ्या मंडळींना सांग, ही शाळा आहे.

सिताराम : ती बरोबरच बोलायलीय गुरुजी. पाय टेकवणं चूक हाय ह्या खेळात. त्याचे मार्क म्हंजी दंड.

दिनकरराव : दंडाचे मार्क? मार्क हे मिळवायचे असतात रे. दंड भरायचा असतो. आणि मुळात ही स्पर्धा कशानिमित्त होती? वाहतूक सुरक्षा सप्ताहानिमित्त. समितीचे अध्यक्ष माणिकराव आज झेंडावंदनानंतरच्या भाषणात काय म्हणाले? वाहन सावकाश चालवा, सावध राहा. आता मला सांग, खडकाळ ओढ्यात जो माणूस क्षणोक्षणी पाय टेकवून खाली जमीन आहे की नाही याची खात्री करून घेतो, तो सावध का जो पाय वर घेऊन धोंड्यांवरून निघून जातो तो?

सिताराम : गुरुजी...

दिनकरराव : मी स्वतः सायकलवर आहे. शाळेपासून घरापर्यंत तीन पूल लागतात. तिन्ही पुलांवर पाय टेकवतो. एकतीस वर्षांत एकदाही पडलो नाही.

पंचफुला : त्ये ठाऊक हाय सगळ्यांला. तुमच्या मागं बैलगाड्या थांबत्यात.

दिनकरराव : तू एकदाही पाय टेकवला नाहीस सिताराम. पाच टप्पे, साडेसोळा मिनिटं, एकदाही नाही. खरं सांगू? मला तर भीतीच वाटली. अशा माणसाच्या मागं बायकापोरांनी कसं बसायचं?

पंचफुला : मी बसलेय. तुमी माझी काळजी नका करू.

सिताराम : गुरुजी, तुमी भोंग्यावरून सांगितलं होतं. पहिला येईल त्याचं नाव पुण्याला जाणार. नऊ फेब्रुवारीला तिथं मोठा मुकाबला हाय, जिल्ह्यातनं एकच नाव जाणार.

दिनकरराव : हो. उद्या सकाळच्या टपालानं मी नाव पाठवतोय. चंद्रभान माणिकराव.

सिताराम : तिथं त्याला हसतील गुरुजी. त्यालाच न्हाई, सगळ्या जिल्ह्याला हसतील. एकेचाळीस मार्क चढवून कुणी पुण्याला जात न्हाई. अन् मला जायचंय. सत्याहत्तरला जबलपूरच्या पलटणीकडनं मी गेलतो पुण्याला. दुसरा आलो. एका पायानं पहिला नंबर गेला. शेवटच्या टप्प्याला, सगळं संपल्यावर, टप्पा संपतो त्या दोऱ्याच्या एक हात अलीकडं. त्यो पाय अजून मला झोपू देत न्हाई. वय एकोणचाळीस झालं. पुढल्या साली गुडघा ऐकंल न ऐकंल.

दिनकरराव : मला कळतं रे. पण तुझी परिस्थितीही लक्षात घे. आठ वर्षं तू मोटरसायकलला हात लावला नाहीस. पाटबंधाऱ्याच्या सायकलवर कालव्याची चौकीदारी करतोस. इतका खंड पडल्यावर शून्य येणारच. त्यात तुझा दोष नाही. मी तर म्हणेन, भाग घेतलास हेच मोठं.

पंचफुला : खंड पडला म्हणं. कामून पडला, त्येबी सांगा की.

दिनकरराव : तो विषय आता कशाला?

सिताराम : आमी न्हाई काढला गुरुजी. खंड तुमी म्हणालाव.

पंचफुला : पलटणीतनं रजेवर आले तवा गाडी घेऊन आले होते. स्वतःची. हप्ता-हप्ता पगार मागं टाकून घेतलेली. नाव बदलायचा ठराव झाला मुंबईला, विद्यापीठ औरंगाबादला, अन् गाडी जळाली आमच्या दारात. त्या विद्यापीठाची पायरीबी आमच्यातल्या कुणी पाहिली नव्हती तवर.

दिनकरराव : अठ्ठ्याहत्तर साल फार वाईट होतं. पण बाई, ते बाहेरून आलेले लोक होते.

सिताराम : व्हय गुरुजी. बाहेरचेच असतील. पर त्या गाडीच्या टाकीचं झाकण अडकायचं. डावीकडं दाबून, वर उचलून, मग फिरवावं लागायचं. गावात मी दोघांलाच दाखवलं होतं. बाहेरच्यांला लगेच कसं उमगलं, एवढंच मला समजलं न्हाई.

दिनकरराव : पाणी घेता का? माठातलं आहे.

पंचफुला : कुणाच्या माठातलं?

दिनकरराव : शाळेच्या, बाई. सगळ्यांसाठी आहे.

पंचफुला : मग नगं. तहान न्हाई. इचारून ठेवलं.

सिताराम : आईला एकटीला सोडवंना, म्हणून पलटणीतनं नाव कमी करून आलो. आठ वर्षं झाली. नाव काय बदललं न्हाई अजून, गाडी तेवढी गेली. मी तक्रार करायला आलो न्हाई त्याची. मी म्हणायलोय एवढंच की आज मी शून्य केलंय. शून्य करायला लय मरावं लागतं गुरुजी.

पंचफुला : मी सांगते तुमाला. बन्सीधर मिस्त्रीनं आपली गाडी दिली ह्यांला महिनाभर, पांदीच्या वाटंवर पडत झडत शिकायला. रोज सकाळी ह्यांची कालव्याची फेरी झाली की मी बांधावर बसायची अन् पाय मोजायची. टेकला की एक खडा पदरात. पहिल्या दिवशी सत्तावीस खडे. पदर फाटला.

सिताराम : पहिल्या दिवशी कंबर धरली होती.

पंचफुला : आठ दिवसांनी वीस. मग चौदा. मग नऊ. गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधून बांधून घरातला सगळा धडपा संपला. परवा दोन खडे होते. काल एक. आज माझा पदर रिकामा. मी तिथं ओढ्याच्या कडेला रिकामा पदर धरून उभी, अन् भोंग्यावर तुमी सांगायलाव, सिताराम शून्य, अकरावा! मला वाटलं भोंगा बिघडला.

सिताराम : पहिल्याच दिवशी आलो असतो गुरुजी, सत्तावीस खड्यांचा, तर तुमच्या हिशोबानं माझा दुसरा नंबर होता.

दिनकरराव : तिसरा. जिंतूरच्या डेपोतला तो फिटर एकोणतीसवर आहे.

पंचफुला : ऐका! ऐका काय म्हणायलेत!

दिनकरराव : अहो बाई, आकडे आहेत ते, मी काय करू? माझ्या उभ्या नोकरीत शून्य मिळालेला पोरगा पहिला आला नाही. उद्या मी वर्गात जाऊन काय सांगू? की पोरांनो, शून्य मिळवा? हेडमास्तरनं?

(बाहेर ताशा वाजतो. चंद्रभानची मिरवणूक शाळेच्या फाटकातून जाते.)

पंचफुला : बघा खिडकीतनं. बघा तुमचा पहिला नंबर. दोघांनी खांद्याला धरलाय तवा चालायलाय. चप्पल एकाच पायात हाय.

दिनकरराव : दुसरी चिखलाच्या टप्प्यात राहिली. मी माणूस पाठवलाय शोधायला.

सिताराम : त्याचा राग न्हाई मला. चांगलं पोरगं हाय. चौथ्यांदा पडल्यावर मलाच म्हणालं, काका, मी सोडतो आता. कडेला माणिकराव उभे होते, त्यांनीच सोडू दिलं न्हाई. गुरुजी, इंग्रजी कागद कुठाय? पुण्याहून आलेला, मूळचा. तुमी मराठी केलं त्यो न्हाई. छापील.

दिनकरराव : तो कपाटात आहे. तुला इंग्रजी वाचता येतं?

सिताराम : पलटणीत वाचावं लागायचं. हळू वाचतो.

दिनकरराव : हा घे. मागच्या तहसीलदारसाहेबांनी दिलेला. ही स्पर्धा त्यांच्याच डोक्यातली. त्यांनाही हाच शौक होता, स्वतः भाग घेणार होते. पण डिसेंबरअखेर बदली झाली, कागद माझ्या हातात देऊन गेले. म्हणाले, सर, यात सगळं आहे. नीट धर. घडीवर फाटलाय.

सिताराम : पाय टेकला की एक... पडला की पाच... कडेच्या दोऱ्याभायेर गेला की पाच... हां. हा आठवा नियम. गुरुजी, ही लाल शाई कुणाची?

दिनकरराव : माझी.

सिताराम : इथं छापलंय, ज्याची बेरीज सगळ्यात कमी त्यो जिंकला. त्यावर काट मारून तुमी लाल शाईनं लिहिलंय, सगळ्यात जास्त.

दिनकरराव : हो. चूक होती. दुरुस्त केली.

सिताराम : कुणाची चूक?

दिनकरराव : छापणाऱ्याची. घाईत असं होतं. गेल्या वर्षी सहामाहीच्या पेपरात त्रिकोणाला चार बाजू छापून आल्या होत्या, त्याही मीच दुरुस्त केल्या.

पंचफुला : म्हंजी पुण्याच्या कागदावर हे पहिले होते?

सिताराम : व्हय.

पंचफुला : अन् गुरुजीनं खोडलं?

सिताराम : व्हय.

पंचफुला : आठ वर्षांमागं पेटवून दिली, आता लाल शाईनं खोडलं. सुधारणा हाय म्हणायची.

दिनकरराव : बाई, शब्द जपून वापरा. माझा हेतू शुद्ध होता. एकशे चार विद्यार्थी मी मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास करून दिलेत. त्यात तुमच्या वस्तीतली सहा मुलं आहेत. मी भेदभाव केला असं कुणी म्हटलेलं नाही आजवर.

सिताराम : तसं न्हाई म्हणत मी. तुमी मला सातवीला घरी बोलावून गणित शिकवलं. अंगणात बसवून, पर शिकवलं. मी इसरलो न्हाई. म्हणूनच माणिकरावाकडं न जाता तुमच्याकडं आलो. पर गुरुजी, ज्याला खेळ ठाऊक न्हाई त्यानं खेळाचा कागद दुरुस्त कसा करायचा? एकदा इचारायचं तरी. मी हितंच होतो, कालव्यावर. सायकलीनं पंधरा मिनिटं.

दिनकरराव : तुला विचारायचं?

सिताराम : हां. मला.

दिनकरराव : सुचलं नाही खरं.

पंचफुला : सुचायचं न्हाई.

दिनकरराव : बरं. समजा. समजा म्हणतोय मी. छापलेलंच बरोबर. कमी तो पहिला. मग मी नवीन यादी करतो, त्यात काय. तक्ता खालून वर वाचायचा. हे बघ, चंद्रभान एकेचाळीस, तो गेला शेवटी. माणिकराव मला फाडून खातील, ते मी बघून घेईन. आणि पहिला... शून्य... सिताराम. झालं? आता तरी हस.

पंचफुला : लिहा आधी. मग हसू.

दिनकरराव : लिहितोय. थांबा... इथे अजून एक शून्य आहे.

सिताराम : कुणाचं? शून्य कुणालाच नव्हतं. माझ्यानंतर सगळ्यात कमी डेपोच्या दुसऱ्या पोराला, आठ होते.

दिनकरराव : दत्तराव. नोंदणी क्रमांक तीन. माणिकरावांचे मेहुणे.

सिताराम : दत्तराव आलेच न्हाईत गुरुजी! ते राणीसावरगावला हुरडा खायला गेलेत. सगळ्या गावाला ठाऊक हाय.

दिनकरराव : आले नाहीत. म्हणून तर शून्य. गैरहजर विद्यार्थ्याला आपण शून्यच मांडतो. रिकामी जागा सोडली की तपासणीला आलेले साहेब विचारतात.

सिताराम : मग त्यांला काढा यादीतनं.

दिनकरराव : कसा काढू? नोंदणी आहे, पावती आहे, नाव आहे. मघाशी बिनमार्काचा म्हणून तो तुझ्या बरोबरीनं शेवटी होता, तेव्हा तू हरकत घेतली नाहीस.

सिताराम : मला काय ठाऊक!

दिनकरराव : आणि तत्त्वानं बघ. कमी तो पहिला, हे तूच सिद्ध केलंस. छापील आहे. आता दत्तरावांचा पाय ओढ्यात एकदा तरी टेकला का?

सिताराम : ओढ्यातच नव्हते तर टेकंल कसा?

दिनकरराव : म्हणजे टेकला नाही. हे तुला मान्य आहे.

पंचफुला : अहो, मग माझाबी टेकला न्हाई. माझ्या सासूचाबी न्हाई. सगळ्या जिल्ह्याचा न्हाई टेकला!

दिनकरराव : त्यांची नोंदणी नाही, बाई.

सिताराम : गुरुजी, तुमी थट्टा करायलाव का माझी?

दिनकरराव : मी आयुष्यात थट्टा केली नाही. मला स्वतःला हे पटत नाही. पण नियम एकदा मान्य केला की सोयीपुरता मान्य करता येत नाही. बरं, दोघांचं शून्य झालं. बरोबरी. बरोबरीसाठी नियम आहे का बघ कागदात. तूच वाच. मी लाल पेन खिशात ठेवलंय.

सिताराम : नववा... बरोबरी झाली तर... ज्याला येळ कमी लागला त्यो पुढं.

दिनकरराव : वेळ. बघू. सिताराम, सोळा मिनिटं तीस सेकंद. दत्तराव...

सिताराम : नका वाचू गुरुजी.

दिनकरराव : दत्तराव, शून्य मिनिटं, शून्य सेकंद.

पंचफुला : ह्यांनी काय केलं, मला नीट सांगा. मी अडाणी हाय. ज्यो पडला त्यो पहिला होता. आता ज्यो आलाच न्हाई त्यो पहिला. ज्यानं गाडी चालवली त्याचा नंबर कवा येणार?

दिनकरराव : दुसरा आलाय आता. अकराव्यावरून दुसरा. एका तासात नऊ जागा वर चढला. हे काही कमी नाही.

सिताराम : सत्याहत्तरलाबी दुसराच होतो.

दिनकरराव : बघ, सातत्य आहे.

सिताराम : पर तवा एका पायानं हरलो गुरुजी. माझ्याच पायानं. त्याचं दुःख मी आठ-नऊ वर्षं केलं, कारण त्ये माझं होतं. आज मी कुणाला हरलो? हुरड्याला?

पंचफुला : चला अवं. ह्या माणसासंगं बोलण्यात हाशील न्हाई. भिंतीला सांगितलं असतं तर ओल तरी आली असती.

सिताराम : थांब. गुरुजी, माझं एक काम करा. पुण्याला कुणाचंबी नाव धाडा. चंद्रभानचं धाडा, दत्तरावाचं धाडा. मला एक दाखला द्या.

दिनकरराव : कसला?

सिताराम : आज झालं त्याचा. सव्वीस जानेवारी, चारठाण्याच्या अलीकडचा ओढा, पाच टप्पे, सिताराम, शून्य. खाली तुमची सही अन् शिक्का.

दिनकरराव : शून्याचा दाखला? वेडा झालास का? कमीत कमी उत्तेजनार्थ तरी लिहू दे. 'सहभाग उल्लेखनीय' असं लिहितो.

सिताराम : उल्लेखनीय नगं. शून्य लिहा. अक्षरात लिहा अन् आकड्यातबी लिहा.

दिनकरराव : लोक काय म्हणतील? माझ्या सहीनं? एकतीस वर्षांत शून्याची नक्कल मागायला कुणी आलं नाही रे. लोक शून्य लपवतात. बापाची खोटी सही करून आणतात.

सिताराम : ज्याला खेळ ठाऊक हाय त्यो ह्या कागदावर पहिल्यांदा आकडाच बघंल. अन् मग माझ्याकडं बघंल. तिकडं पुण्यात हायती असे चार-सहा जण. म्हातारे झाले असतील. त्यांला एकदा दाखवायचंय. बास.

पंचफुला : लिहा गुरुजी. शून्याला शाई कितीशी लागती.

दिनकरराव : लिहितो. कंपासपेटी कुठे गेली... नाही, शून्य हातानंच काढतो. 'दाखला देण्यात येतो की, श्री. सिताराम...' वडिलांचं नाव?

सिताराम : भगवानराव.

दिनकरराव : 'सिताराम भगवानराव यांनी सर्व पाच टप्पे एकदाही पाय न टेकता पूर्ण केले.' हे लिहू ना?

सिताराम : लिहा.

दिनकरराव : लिहिताना वेगळंच वाटतंय. मघाशी तक्त्यात नुसतं शून्य होतं. सबंध वाक्य लिहिलं की... तो बाभळीचा ओंडका तू ओलांडलास तेव्हा मी तिथेच होतो, सिताराम. गाडी त्याच्यावर चढली आणि थांबली. हलेना, पडेना. तू तिच्यावर उभा. मी मनात आकडे मोजले. सात. सात आकडे झाले आणि मग तू खाली उतरलास. टाळी वाजवणार होतो मी.

पंचफुला : मग कामून वाजवली न्हाई?

दिनकरराव : परीक्षक होतो ना.

सिताराम : नऊ आकडे होते. मीबी मोजायलो होतो.

दिनकरराव : नऊ असतील. मी दोन वेळा श्वास घ्यायला थांबलो. हे घे. शिक्का जरा पुसट उठलाय, शाई सुकली. आणि खरंच सांगतो, पुण्याचं पत्र मी उद्याच्या उद्या पाठवत नाही. माणिकरावांशी बोलून बघतो.

पंचफुला : अन् त्येबी कागद द्या. लाल शाईचा. तिथं दाखवू आमच्याकडं काय काय दुरुस्त करत्यात ते.

दिनकरराव : नेताय तर न्या. माझ्या अक्षरात आहे, मी नाकारणार नाही. थांब, नीट घडी घालून देतो. पाठीमागं काही नाही, इंजिनतेलाची जाहिरात आहे नुसती, म्हणून मी मागची बाजू मराठीत केली नाही... हं. जाहिरातीच्या खाली दोन ओळी आहेत वाटतं बारीक.

सिताराम : काय हाय?

दिनकरराव : चष्मा पुसू दे.

सिताराम : वाचा की गुरुजी.

दिनकरराव : 'नऊ फेब्रुवारीच्या स्पर्धेस प्रवेश सर्वांना खुला. आगाऊ निवड अथवा शिफारस आवश्यक नाही.'

पंचफुला : म्हंजी?

दिनकरराव : म्हणजे कुणी कुणाचं नाव पाठवायचं नाहीये.

सिताराम : मग पहिला येईल त्योच जाणार, असं तुमाला कुणी सांगितलं होतं?

दिनकरराव : अध्यक्षांनी. बक्षिसाला काही नव्हतं, म्हणून.

सिताराम : अन् दुसरी ओळ?

दिनकरराव : 'सकाळी आठ वाजता जो गाडी घेऊन येईल, तो स्पर्धक.'